कॅट्सकिलच्या जंगलात टेंट टाकून राहायचं असेल तर: पहिल्या प्रिमिटिव्ह कॅम्पिंगची सविस्तर तयारी

न्यू जर्सी, क्वीन्स, लाँग आयलंड इकडच्या आपल्या मंडळींचं कॅम्पिंग बहुतेक वेळा स्टेट पार्कच्या कॅम्पग्राउंडमध्ये होतं. कित्येक महिने आधी साइट बुक करायची, गाडी थेट टेंटपाशी लावायची, नळ आहे, टॉयलेट आहे, शेजारच्या साइटवर कोणाचा तरी स्पीकर चालू आहे. त्यातही मजा आहे, लहान मुलं असतील तर तेच सोयीचं. पण तिथून थोडं पुढे गेलं की राज्याच्याच मालकीच्या डोंगराळ जंगलात बुकिंग न करता, एक डॉलर न भरता रात्र काढता येते हे पुष्कळांना माहीतच नसतं. याला इथे प्रिमिटिव्ह कॅम्पिंग म्हणतात. नळ नाही, लाईट नाही, कचऱ्याचा डबा नाही, संडास असलाच तर लाकडी खोपट्यातला खड्डा, आणि बऱ्याच ठिकाणी आखून ठेवलेली जागाही नाही, ती आपणच शोधायची.

हा लेख न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांबद्दल आहे कारण आपल्यापैकी बहुतेकांना तेच जवळ पडतं, न्यूयॉर्क शहरातून किंवा जर्सीतल्या एडिसन साइडने निघालात तर ट्रॅफिक धरून अडीच-तीन तास. राज्याच्या उत्तरेकडच्या अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरांत नियम बरेचसे सारखेच आहेत पण काही वेगळे आणि जास्त कडक, तिकडे जायचं तर ते वेगळे वाचा.

ज्यांनी सह्याद्रीत ट्रेक केलेत त्यांना एक गोष्ट आधीच सांगतो. राजगडावर पद्मावतीच्या देवळात पथारी टाकता येते, हरिश्चंद्रगडावर गुहा आहेत, पायथ्याच्या गावात कोणीतरी पिठलं-भाकरी करून देतं, वाट चुकली तर गुराखी दाखवतो. इथे यातलं काहीच नाही. अंधार पडल्यावर जंगलात तुम्ही आणि तुमच्या पाठीवरचं सामान एवढंच. सह्याद्रीतले पाय इथे नक्की कामाला येतात, पण तिथल्या सवयी सगळ्याच चालत नाहीत, त्या कुठे बदलायच्या ते पुढे येईलच.

आणि टेंट कुठला घेऊ, बॅग किती लिटरची घेऊ यावर लोक तासन्‌तास बोलतात, पण रात्र कशी जाणार हे टेंटच्या किमतीपेक्षा तो तुम्ही कुठे लावलात यावर जास्त ठरतं. म्हणून त्या भागावर मी सगळ्यात जास्त लिहिलंय.

आधी नियम, कारण ते थोडेच आहेत आणि प्रत्येकाला कारण आहे

कॅट्सकिलमधली राज्याची जमीन न्यूयॉर्कचं पर्यावरण खातं सांभाळतं, सगळे त्याला डीईसी म्हणतात. नकाशात तुम्हाला कुठे 'स्टेट फॉरेस्ट', कुठे 'वाइल्ड फॉरेस्ट', कुठे 'विल्डरनेस' असं लिहिलेलं दिसेल, गोंधळून जाऊ नका, टेंट लावण्याचा मूळ नियम सगळीकडे एकच आहे: रस्ता, ट्रेल, झरा, ओढा, तळं यांच्यापासून १५० फुटांच्या आत टेंट लावायचा नाही. अपवाद एकच, जिथे झाडावर टेंटचं चित्र असलेली पिवळी गोल 'कॅम्प हिअर' चकती ठोकलेली असेल तिथे लावता येतो, मग ती जागा ट्रेलच्या अगदी शेजारी असली तरी.

दुसरा नियम उंचीचा. २२ मार्च ते २० डिसेंबर या काळात ३,५०० फुटांच्या वर राहायला बंदी आहे, जिवावरचा प्रसंग असेल तरच सूट. वरच्या भागात बाल्सम फर या सूचिपर्णी झाडांचं जंगल आहे, माती पातळ, एकदा तुडवली गेली की लवकर भरून येत नाही. स्लाइड माउंटन हे इथलं सगळ्यात उंच शिखर साधारण ४,१८० फुटांचं, तेव्हा माथ्यावर टेंट लावून सूर्योदय बघायचा बेत मनात असेल तर तो सोडून द्या, खाली राहा आणि पहाटे हेडलॅम्प लावून वर चढा. बऱ्याच ट्रेलवर ३,५०० फुटांची पाटी असते, तरी फोनवर ऑफलाइन नकाशा ठेवाच.

तिसरा, माणसांचा. नऊ जणांपर्यंत आणि एका जागी तीन रात्रींपर्यंत कसलीही परवानगी लागत नाही. दहा किंवा जास्त लोक असतील, किंवा एकाच जागी चार रात्री राहायचं असेल, तर त्या भागाच्या फॉरेस्ट रेंजरकडून आधी परमिट घ्यायचं, ते फुकट मिळतं. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक पोस्ट पडली की चौदा जण तयार होतात, मग कोणीतरी सुचवतं की सात-सात असे दोन ग्रुप दाखवू आणि शेजारी-शेजारी राहू. कृपा करून असं करू नका, चौदा लोक एका रात्रीत जमिनीचं काय करतात ते सकाळी उठून बघितलंत तर नियम का आहे ते कळेल. पहिल्या वेळी चार ते सहा जण पुरे.

चौथा, लाकडाचा. १८८५ मध्ये कायदा करून हे जंगल राखीव झालं आणि १८९४ मध्ये ते कायम जंगलच राहील असं थेट राज्याच्या घटनेत घातलं गेलं. त्यामुळे उभं झाड तोडायचं नाही, मेलेलं असलं तरी नाही, आणि साल काढायची नाही. जमिनीवर पडलेलं वाळकं लाकूड तेवढं वापरायचं. घरून सरपण आणायचं तर ५० मैलांचा नियम आहे, जिथलं लाकूड तिथून ५० मैलांच्या पुढे न्यायचं नाही कारण त्यातून किडे पसरतात, म्हणजे जर्सीच्या होम डेपोतली मोळी गाडीत टाकूच नका.

काटरस्किल धबधबा, पीकामूस ब्लू होल अशा गर्दीच्या जागांना वेगळे, जास्त कडक नियम आहेत. पहिल्या वेळी तिकडे वळूच नका.

कधी जायचं आणि कुठे

माझ्या मते पहिल्यांदा जायला सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा सगळ्यात चांगला. मे मध्यापासून जून मध्यापर्यंत ब्लॅकफ्लाय म्हणजे चावऱ्या माश्या हैराण करतात, जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवा आणि दुपारची गडगडाटी वादळं, ऑक्टोबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत पानं रंगतात आणि अख्खं न्यूयॉर्क तिकडे लोटतं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी बंदुकीने हरणांच्या शिकारीचा मुख्य सीझन सुरू होतो, त्या दिवसांत जाणारच असाल तर भडक नारिंगी जॅकेट-टोपी घातल्याशिवाय जंगलात पाय ठेवू नका.

सुरुवातीला जागा अशी घ्या की गाडीपासून दीड-दोन मैलांच्या आत असेल, काही बिनसलं तर रात्रीसुद्धा परत येता आलं पाहिजे. जायंट लेज हे त्यासाठी चांगलं उदाहरण. काउंटी रूट ४७ वर जिथे रस्ता एकदम यू आकारात वळतो तिथे पार्किंग लॉट आहे, तिथून पिवळ्या खुणांचा ट्रेल पाऊण मैलभर दगडधोंड्यांतून चढतो, मग डावीकडे निळ्या खुणांचा ट्रेल धरायचा, आणि सगळं मिळून दीड मैलाच्या आसपास चाललात की कड्यावर पोचता. ३,५०० फुटांच्या खाली आहे, वर चकती लावलेल्या साइट्स आहेत आणि कड्यावरून वुडलँड व्हॅली पूर्ण दिसते. अडचण एकच, ती जागा सगळ्यांना माहीत आहे, शनिवारी दुपारी साइटही मिळत नाही आणि पार्किंगही. लॉट भरला असेल तर रस्त्याच्या कडेला गाडी लावू नका, दंड होतो किंवा गाडी उचलून नेतात. शक्य असेल तर रविवारी जा आणि सोमवारी सुट्टी टाका, त्या एका सुट्टीने ट्रिपचं रूपच बदलतं. आणि मुलं बरोबर असतील तर लक्षात घ्या, कड्याला रेलिंग नाही, अंधारात कोणीही एकट्याने तिकडे जायचं नाही हे आधीच ठरवून टाका.

एखादी जागा मनात असली तरी जवळची दुसरी जागा नकाशात हेरून ठेवा. सगळ्या साइट्स भरल्या असतील तर १५० फुटांच्या नियमाने स्वतः जागा शोधायची, ते खाली सांगतो.

घरातून निघण्याआधी

घरी राहणाऱ्या कोणाला तरी एक मेसेज करून ठेवा: कुठल्या ट्रेलहेडला (म्हणजे ट्रेल जिथून सुरू होतो तिथे) गाडी आहे, गाडीचा नंबर, कोणकोण आहे, परत नेटवर्कमध्ये कधी येणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर रेंजरला कळवायचं. "उद्या दुपारपर्यंत येतो" असं मोघम लिहू नका, "रविवारी दुपारी दोनपर्यंत मेसेज करतो, सहापर्यंत आला नाही तर कळव" असं लिहा. रेंजरचा इमर्जन्सी नंबर ८३३-६९७-७२६४, तो त्यांनाही द्या आणि स्वतःही कागदावर लिहून ठेवा. आत बहुतेक ठिकाणी फोनला रेंज नसते, त्यामुळे नकाशा डाउनलोड करून घ्या आणि एक कागदी नकाशा जवळ ठेवा, थंडीत फोनची बॅटरी पटकन उतरते.

कपड्यांबद्दल थोडक्यात: कॉटन अजिबात नको, ना टीशर्ट ना जीन्स, एकदा घामाने भिजलं की वाळत नाही आणि अंग गार पडतं. सिंथेटिक किंवा लोकरीचा आतला थर, फ्लीस, पफी जॅकेट, रेनकोट, आणि फक्त झोपताना घालायचा एक कोरडा जोड जो दिवसा बाहेर काढायचाच नाही. हवामान बघताना एडिसनचं बघू नका. तीन हजार फुटांवर साधारण दहा ते पंधरा डिग्री फॅरनहाइट कमी धरा, घरी रात्री ५५ असेल तर वर ४० असेल. स्लीपिंग बॅगवर जो आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो तो बहुतेक वेळा आरामाचा नसतो, त्या तापमानाला तुम्ही कसेबसे तग धराल एवढाच त्याचा अर्थ, बारीक अक्षरातला 'कम्फर्ट'चा आकडा बघा. आणि खालची मॅट बॅगेइतकीच महत्त्वाची आहे, थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते. मॅटवर आर-व्हॅल्यू म्हणजे ती थंडी किती अडवते याचा आकडा लिहिलेला असतो, उन्हाळ्यात दोन-तीन चालते, सप्टेंबर अखेरीपासून चार किंवा जास्त लागते. सगळं विकत घ्यायची घाई करू नका, टेंट-बॅग-मॅट भाड्याने मिळतात, एक-दोनदा वापरून मग ठरवा.

शर्ट-पँट-मोज्यांवर आदल्या दिवशी घराबाहेर परमेथ्रिन हे कीटकनाशक मारून पूर्ण वाळवून घ्या, कारण हडसनच्या या सगळ्या पट्ट्यात गोचिडी भरपूर आहेत आणि त्यांच्यातून लाइम रोग होतो. घरात मांजर असेल तर ओलं परमेथ्रिन तिच्यासाठी विषारी असतं, कपडे वाळेपर्यंत तिला लांब ठेवा. हे औषध फक्त कपड्यांना, अंगाला डीट किंवा पिकारिडिन असलेलं किडे पळवणारं औषध.

जागा निवडणं

ट्रेलहेडला लाकडी पेटीत रजिस्टर असतं, त्यात नाव, किती जण, कुठे राहणार ते लिहा. दोन मिनिटांचं काम आहे, पण कोणी हरवलं तर रेंजर शोधायला सुरुवात तिथूनच करतात.

जागेवर दुपारी तीन-साडेतीनपर्यंत पोचायचं असं गणित ठेवा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो आणि झाडीत त्याच्या आधीच अंधारतं, आणि घाईने, काळोखात निवडलेली जागा रात्रभर त्रास देते.

आधी चकतीवाली साइट बघा. ती मिळाली तर तीच घ्या, कारण ती जमीन आधीच तुडवली गेलेली असते, नवी जागा खराब होत नाही. कुठे कुठे लीन-टू म्हणजे तीन भिंतींची लाकडी पडवी असते, तिथेही राहता येतं, पण ती पहिल्या येणाऱ्याची खासगी नसते, जागा असेपर्यंत नंतर आलेल्यांनाही सामावून घ्यायचं, आणि तिच्या आत टेंट उभा करायचा नाही. उंदीर मात्र हमखास असतात.

चकतीची साइट नसेल तर ट्रेलपासून काटकोनात आत शिरा आणि पावलं मोजा. आपलं साधारण पाऊल अडीच फुटांचं, म्हणजे १५० फूट म्हणजे ६० पावलं, पण दगड-मुळांतून चालताना पाऊल आखूड पडतं म्हणून ७० मोजा. मग त्या जागेवरून पाण्याचा आवाज येतोय का ऐका, आणि ओढा असेल तर तिकडेही तितकीच पावलं मोजून बघा. हे पाण्याचं अंतर का जपायचं माहितीये? न्यूयॉर्क शहराच्या नळाला येणारं जवळजवळ ९० टक्के पाणी या कॅट्सकिल-डेलावेअर भागातून येतं आणि ते फिल्टर न करता, क्लोरीन आणि अल्ट्राव्हायोलेट प्रक्रिया करून घरोघरी पोचवलं जातं. तुम्ही ज्या ओढ्याच्या काठी उभे आहात त्याचं पाणी कदाचित क्वीन्समधल्या तुमच्याच मावशीच्या चहात जाणार आहे.

अंतर जमलं की मान वर करा, खाली बघण्याआधी वर बघा. मेलेली झाडं आणि अधांतरी अडकलेल्या फांद्या हा इथला खरा धोका, अस्वलापेक्षा मोठा. अ‍ॅशची झाडं एका हिरव्या भुंग्याने पोखरून मेलीयेत, ती ओळखायची सोपी खूण म्हणजे खोडावरच्या सालीचा वरचा पापुद्रा सुतार पक्ष्यांनी सोलून काढलेला असतो आणि खोड जागोजागी फिकट, पिवळट दिसतं. बीचची झाडंही रोगाने वाळतात, एरवी गुळगुळीत असणारी राखाडी साल फोड आल्यासारखी खरबरीत झालेली असते. असं झाड टेंटपासून त्याच्या उंचीएवढ्या टप्प्यात असेल तर ती जागा सोडा, कितीही सपाट असली तरी. वारा नसतानाही फांद्या पडतात.

मग जमीन. पानांचा थर थोडा बाजूला करून हात फिरवा, दगड आहेत का, ओल आहे का. खोलगट जागा नको, ती बघायला छान सपाट दिसते पण पाऊस पडला की पाणी तिथेच साचतं आणि रात्री गार हवाही तिथेच उतरते. सह्याद्रीत टेंटभोवती चर खणायची सवय असते काहींना, इथे खणायचं नाही, म्हणून थोडा उतार असलेली, पाणी वाहून जाईल अशी जागा बघायची आणि डोकं चढाकडे करून झोपायचं. ओढ्याकाठची वाळूची सपाटी तर अजिबात नको. २०११ च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळाच्या वेळी याच डोंगरांतल्या ओढ्यांनी प्रॅट्सव्हिल गावाची वाताहत केली होती, दरीतलं पाणी किती लवकर चढतं ते त्या एका दिवसाने दाखवून दिलं. पाऊस वरच्या डोंगरात पडतो आणि पूर तुमच्यापाशी येतो, तुमच्या डोक्यावर चांदणं असलं तरी.

टेंट टाकायच्या आधी मॅट अंथरून पाच मिनिटं खरंच आडवे व्हा. पाठीला काही टोचतंय का, तुम्ही एका बाजूला घसरताय का, हे तेव्हाच कळतं आणि टेंट हलवायचे कष्ट वाचतात. खालचं ग्राउंडशीट टेंटच्या कडेबाहेर येऊ देऊ नका, बाहेर आलेल्या भागावर पडलेलं पाणी थेट तुमच्या खाली येतं.

पाणी, चूल, आणि वासाच्या वस्तू

पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी तसंच प्यायचं नाही, जिआर्डिया नावाचा जंतू असतो आणि त्याने आठवडे-आठवडे पोट बिघडतं. फिल्टर वापरा किंवा खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळा. बारीक नळ्यांचा फिल्टर असेल तर थंडीच्या रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, कारण एकदा आत पाणी गोठलं की नळ्या फुटतात आणि बाहेरून काही कळत नाही. जायंट लेजच्या वाटेवर झरा आहे, पण कोरड्या दिवसांत अशा झऱ्यांवर भरवसा ठेवू नका, माणशी तीन लिटर तरी खालून भरून घ्या.

आता कॅम्पचा त्रिकोण. टेंट एका कोपऱ्यात, स्वयंपाक दुसऱ्या, खाण्याचा डबा ठेवायची जागा तिसऱ्या, आणि प्रत्येकात ८० पावलं तरी अंतर. काळी अस्वलं इथे आहेत, ती माणसाच्या मागे लागत नाहीत पण त्यांचं नाक फार तिखट असतं आणि आपला स्वयंपाक, हिंग-लसणाच्या फोडणीचा, त्यांना लांबून कळतो. टेंटच्या दारात बसून मॅगी करायचा मोह आवरा. 'बेअर कॅनिस्टर' म्हणून जाड प्लास्टिकचा डबा मिळतो, भाड्यानेही मिळतो, तो न्या. दोरीने झाडाला पिशवी टांगता येते, पण ती नीट टांगायची तर जमिनीपासून दहा-पंधरा फूट वर आणि खोडापासून आठ-दहा फूट लांब पाहिजे, आणि संध्याकाळी अशी फांदी शोधत फिरण्यापेक्षा डबा बरा. तो टांगायचा नाही, जमिनीवर ठेवायचा, उतारावर किंवा कड्याजवळ नको कारण अस्वल तो लोळवत नेतं. त्यात नुसतं खाणं जात नाही, टूथपेस्ट, लिप बाम, सनस्क्रीन, मसाल्याची पुडी, च्युइंगगम, कचऱ्याची पिशवी, वास येणारं सगळं जातं. मुलांचे खिसे तपासा, एखादं चॉकलेट नक्की सापडतं.

अस्वल समोर आलंच तर पळायचं नाही, हात वर करून मोठ्याने ओरडायचं, ताट-भांडी वाजवायची, त्याला निघून जायला वाट ठेवायची. साळिंदर मात्र शांतपणे नुकसान करतं, घामाच्या मिठासाठी ते बुटांचे पट्टे आणि ट्रेकिंग पोलच्या मुठी कुरतडतं, त्यामुळे बूट टेंटच्या आतच ठेवा.

जेवणाचं म्हणाल तर पाच मिनिटांत होणारंच न्या. घरी रवा भाजून त्यात मोहरी, कढीपत्ता, मिरची, मीठ असं सगळं फोडणीत परतून कोरडं प्रीमिक्स केलं की वर उकळत्या पाण्यात टाकून झाकून ठेवलं तरी उपमा तयार. मुगाच्या डाळीची खिचडी खायचीच असेल तर डाळ-तांदूळ घट्ट झाकणाच्या बाटलीत पाण्यात घालून चालता-चालता भिजू द्या, मग दहा-बारा मिनिटांत शिजते आणि गॅस वाचतो. गरम भात, मेतकूट आणि तूप, थंडीत एवढं मिळालं की माणसं खूश होतात. जेवून झालं की भांडं आधी पोळीच्या तुकड्याने पुसून खा, मग धुवा, आणि ते पाणी ओढ्यापासून लांब पसरून टाका, खरकटं गाळून पिशवीत.

शेकोटीबद्दल माझं मत स्पष्ट आहे, स्वयंपाकाला स्टोव्ह घ्या आणि शेकोटी फक्त जिथे आधीपासून दगडांचं रिंगण आहे तिथे, छोटी. कोरड्या सीझनमध्ये बंदी लागते, २०२४ च्या शरदात तर पावसाअभावी अख्ख्या राज्यात लागली होती, म्हणून निघायच्या दिवशी आगीच्या धोक्याची पातळी बघा. विझवताना पाणी ओता, काडीने ढवळा, परत ओता, आणि हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन बघा. ऊब लागत असेल तर विझलेली नाही.

संडासचं कसं करायचं

हे कोणी नीट सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितो. साइटजवळ प्रिव्ही म्हणजे लाकडी खोपट्यातला खड्ड्याचा संडास असेल तर तीच वापरा. नसेल तर पाणी, ट्रेल आणि टेंट या सगळ्यांपासून ८० पावलं लांब जायचं, छोट्या खुरप्याने सहा ते आठ इंच खोल खड्डा खणायचा, नंतर मातीने बुजवून वर पानं सारायची. इथली जमीन दगडाळ आहे, पहिल्या जागी खुरपं आत जाईलच असं नाही, म्हणून घाई लागायच्या आधी, उजेड असताना जागा बघून ठेवा. आपल्याला पाणी लागतं, त्यासाठी प्लास्टिकच्या बाटलीवर बसणारं छोटं बिडेचं झाकण मिळतं, ते घ्या, काम सोपं होतं आणि कागदही लागत नाही. कागद वापरलाच तर तो पुरायचा नाही, झिपलॉकमध्ये भरून परत आणायचा. नंतर हात धुवायचं साबणाचं पाणीही ओढ्यात नको. पोट बिघडून आजारी पडणाऱ्या कॅम्परांत न धुतलेले हात हेच मोठं कारण असतं, सॅनिटायझर खिशात ठेवा.

रात्र आणि सकाळ

झोपायच्या आधी थोडं तूप घातलेलं किंवा शेंगदाण्याचं काहीतरी खा, शरीराला रात्रभर जळण लागतं, आणि लघवी लागली असेल तर आळस न करता जाऊन या, भरल्या पोटी थंडी जास्त वाजते असं नाही पण भरल्या ब्लॅडरने झोप नक्की लागत नाही. गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून पायाशी घ्या. टेंटची वरची खिडकी थोडी उघडी ठेवा, बंद ठेवलीत तर श्वासाची वाफ आतून ठिबकते. रात्री पानांत खसखस ऐकू येईल, बहुतेक वेळा उंदीर किंवा खार असते, आवाज अंधारात मोठा वाटतो. पहिल्या रात्री झोप तुटक लागते, ते धरूनच चला आणि दुसऱ्या दिवशी गाडी चालवणाऱ्याला सकाळी तासभर जास्त झोपू द्या.

सकाळी निघताना आधी डबा आणा आणि सगळं आत आहे ना बघा, मग टेंट. टेंट उचलल्यावर सगळ्यांनी एका रांगेत उभं राहून पूर्ण जागेवरून हळू चालत जायचं, नजर जमिनीवर. दुधाच्या पुडीचा कोपरा, शेंगदाण्याची टरफलं, तुटलेली दोरी, लवंग-वेलचीची सालंसुद्धा, सगळं उचलायचं. "हे कुजून जाईल" म्हणून संत्र्याची साल टाकून येऊ नका, ती महिनोन्‌महिने तशीच राहते आणि जनावरांना त्या जागेची सवय लावते. दाबलेली पानं काठीने परत मोकळी करा. नवी जागा वापरली असेल तर तिथे कोणी राहिलं होतं हे पुढच्याला ओळखू येता कामा नये.

खाली आलात की रजिस्टरमध्ये बाहेर पडल्याची नोंद करा आणि रेंज मिळताच घरी मेसेज टाका, हे विसरलं तर तिकडे कोणीतरी रेंजरला फोन करेल.

घरी पोचल्यावर आंघोळीच्या वेळी गोचिडी तपासा: गुडघ्यामागे, कमरेच्या इलॅस्टिकखाली, काखेत, कानामागे, डोक्याच्या केसांत. मुलांचं आईबाबांनी बघायचं. लहान गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, अंगावरचा तीळ वाटून सोडू नका. चिकटलेली सापडली तर बारीक चिमट्याने कातडीला अगदी लगटून धरून सरळ ओढा, पिळू नका, तेल-काडी-नेलपॉलिश काही लावू नका. लाइमचे जंतू यायला साधारणपणे ती २४ तासांच्या वर चिकटलेली असावी लागते, म्हणून त्याच दिवशी बघणं इतकं कामाचं. तारीख लिहून ठेवा, पुढच्या महिनाभरात पसरत जाणारा लाल चट्टा, ताप किंवा सांधेदुखी असं काही आलं तर डॉक्टरला दाखवा आणि गोचीड चावली होती हे स्वतःहून सांगा. कोरडे कपडे धुण्याआधी ड्रायरमध्ये हाय हीटवर दहा मिनिटं फिरवले की त्यातल्या गोचिडी मरतात. टेंट मात्र ड्रायरमध्ये नाही, तो गॅरेजमध्ये किंवा बाल्कनीत दोरीवर पूर्ण वाळेपर्यंत टांगून ठेवा, ओला गुंडाळला तर आठवड्यात बुरशीचा वास धरतो आणि तो वास नंतर जात नाही.